हातांनी ऐकावयाची गोष्ट

(केंद्रातील शिक्षकांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा पाठ)

वर्गात गोष्ट रंगात आलेली असता शिक्षक क्षणभर थांबला, की मुले पुढे सरकून बसतात. ‘मग काय झाले, गुरुजी?’ हा प्रश्न त्यांच्या ओठांवर असतो; हात मात्र मांडीवर स्वस्थ असतात. ऐकणाऱ्याच्या हातांना गोष्टीत काही काम नसते. परंतु गेल्या काही दशकांत असे व्हिडिओ खेळ निर्माण झाले आहेत की, ज्यांत गोष्ट ऐकणाऱ्याच्याच हातून पुढे सरकते. व्हिडिओ खेळ आता मोबाईलच्या वाटेने खेड्यापाड्यांतही पोचले आहेत. त्यांचा सरसकट निषेध करणे सोपे आहे. तथापि एखाद्या वस्तूची मनावर पकड कशी बसते हेच ठाऊक नसेल, तर तिच्याविषयी मुलांशी बोलताना शिक्षकाचा शब्द हलका पडतो. म्हणून अशा एका गाजलेल्या खेळाचा येथे थोडा बारकाईने विचार करावयाचा आहे.

‘हेवी रेन’ हे त्या खेळाचे नाव. पॅरिस येथील क्वांटिक ड्रीम या संस्थेने तो तयार केला. त्याचे लेखक व दिग्दर्शक डेव्हिड केज. फेब्रुवारी २०१० मध्ये सोनी कंपनीच्या ‘प्लेस्टेशन ३’ या यंत्रासाठी तो प्रसिद्ध झाला. कथा अमेरिकेतील एका शहरात घडते. तेथे लहान मुलांना पळवून नेऊन त्यांचे खून करणारा कोणी एक आहे, आणि चार निरनिराळी माणसे आपापल्या वाटेने त्याचा माग काढीत आहेत. खेळणाऱ्याने आळीपाळीने या चौघांची भूमिका करावयाची असते. खेळ मुलांसाठी नाही; युरोपातील वर्गवारीत तो १८ वर्षांवरील व्यक्तींसाठीच ठरविलेला आहे, हे प्रथमच सांगितलेले बरे.

या खेळाची वाट लोकांनी फार दिवस पाहिली. २००६ साली अमेरिकेतील खेळांच्या प्रदर्शनात एक छोटा नमुना दाखविण्यात आला होता. त्यात संगणकाने घडविलेली एक स्त्री अभिनयाची चाचणी देत होती, आणि तिच्या मुद्रेवरील पालटते भाव पाहून प्रेक्षक चकित झाले. पुढे २००८ साली जर्मनीतील लाइपझिग येथे दुसरा नमुना दाखविला गेला. मेलेल्या प्राण्यांच्या कातड्यांत भुसा भरून ठेवणाऱ्या एका माणसाच्या घरात एक तरुणी चोरपावलांनी शिरते, असा तो प्रसंग होता. गंमत अशी की, ज्या प्रसंगाने इतकी उत्कंठा वाढविली, तो मूळ खेळात नव्हताच. तो मागाहून वेगळा देण्यात आला. पूर्ण खेळ येण्यापूर्वी काही दिवस दोन प्रसंगांचा एक तुकडा लोकांना घरी खेळून पाहण्यास मिळाला. तोपर्यंतची सारी अपेक्षा डोळ्यांनी वाढविलेली होती. आता हातांनी तिची परीक्षा घ्यावयाची होती.

आणि हातांचा पहिला अनुभव काहीसा विचित्रच ठरला. हा खेळ ज्या साधनाने खेळतात त्याला कंट्रोलर म्हणतात. ते दोन्ही हातांत धरावयाचे असून त्यावर कळा आणि अंगठ्यांनी फिरवावयाच्या दोन लहान दांड्या असतात. बहुतेक खेळांत डावी दांडी ज्या दिशेला वळवावी त्या दिशेला पात्र चालू लागते. येथे मात्र चालण्यासाठी उजव्या हाताची एक कळ दाबून धरावी लागे, आणि डाव्या दांडीने केवळ तोंड कोणीकडे वळवावयाचे ते ठरवावे लागे. माणूस चालविणे हे मोटार हाकण्यासारखे होऊन बसले. अरुंद खोलीत पात्र भिंतीला अडून उभे राही आणि गंभीर प्रसंगी हसू येई. ही उणीव खरीच होती, आणि ज्यांनी ती दाखवून दिली त्यांचे काही चुकले नाही.

परंतु चालणे सोडून इतर गोष्टींकडे वळले, की खेळाचे खरे मर्म ध्यानात येते. कथेचा नायक ईथन मार्स हा वास्तुशिल्पी असून दोन मुलांचा बाप आहे. खेळाचा आरंभ कोणत्याही मारामारीने होत नाही. ईथन सकाळी अंथरुणातून उठतो, दाढी करतो, दात घासतो. दात घासण्यासाठी खेळणाऱ्याने कंट्रोलर खरोखरच हातात हलवावयाचा असतो. दाढीच्या वेळी दांडी सावकाश ओढावयाची असते; घाई चालत नाही. पत्नी जेवणाच्या टेबलावर ताटे मांडावयास सांगते, तेव्हा तीही हलक्या हाताने ठेवावी लागतात. पाटीवर अक्षर गिरविणाऱ्या मुलाचा हात ज्यांनी धरलेला आहे, त्यांना या युक्तीचे महत्त्व सांगावयास नको. हाताची गती मंदावली की मनही त्या कामाशी मंदावते. एवढ्या क्षुल्लक कामांत अर्धा तास का दवडावा, असे अधीर खेळणाऱ्यास वाटते. पण त्या अर्ध्या तासात त्याच्या नकळत ते घर त्याचे झालेले असते.

यानंतरचा प्रसंग बाजारपेठेतील आहे. थोरला मुलगा जेसन, ज्याचा नुकताच दहावा वाढदिवस झालेला आहे, तो गर्दीत दिसेनासा होतो. त्याच्या हातात एक तांबडा फुगा आहे. खेळणाऱ्याने गर्दीतून वाट काढावयाची, आणि एक कळ दाबली की ईथन ‘जेसन!’ अशी हाक मारतो. कळ पुन्हा दाबावी, पुन्हा हाक. त्या कळेने दुसरे काहीच साधत नाही. मूल सापडत नाही, गर्दी हटत नाही. तरीही जगभरच्या खेळणाऱ्यांनी ती पुनःपुन्हा दाबली. शेवटी जेसन रस्त्याच्या पलीकडे दिसतो, बापाकडे यावयास निघतो, आणि मोटारीखाली सापडून मरतो. खेळणारा कितीही चपळ असो, मुलगा वाचत नाही. हातांना सकाळभर सत्ता दिली, आणि ज्या क्षणी ती हवी होती त्या क्षणी काढून घेतली. यास कोणी फसवणूक म्हणतात. वस्तुतः बापाची असहायता शब्दांनी सांगण्याऐवजी बोटांना भोगावयास लावण्याचा तो मार्ग आहे, आणि सबंध खेळात त्याहून अचूक असे दुसरे काही क्वचितच आढळते.

पुढे दोन वर्षांनंतरची एक संध्याकाळ येते. शिक्षकांनी विशेष ध्यान द्यावे असा हा प्रसंग आहे. पत्नी आता वेगळी राहते. धाकटा शॉन बापाकडे आला आहे. घरातील फळ्यावर मुलाच्या खाण्याची, अभ्यासाची, जेवणाची व निजण्याची वेळ लिहून ठेवलेली आहे. बाहेर पाऊस पडत आहे आणि मूल मुकाट्याने दूरदर्शनसमोर बसले आहे. त्याला अभ्यासाला बसवावे किंवा न बसवावे. जेवण द्यावे किंवा खुर्चीत बसून राहावे. खेळ कोणतीही सक्ती करीत नाही. घड्याळ मात्र पुढे सरकत असते. मारामारीचा लवलेश नसलेल्या या संध्याकाळी खेळणाऱ्याच्या मनावर जो ताण येतो, तो बाजारातील प्रसंगामुळे. एक मूल हातून गेलेले आहे. म्हणून दुसऱ्याच्या गृहपाठाचेही ओझे वाटते.

काही प्रसंगी कळांची रचनाच मुद्दाम अवघड केलेली आहे. चिखलाच्या उतारावर चढणाऱ्या तपास अधिकाऱ्यासाठी एक कळ दाबून धरावयाची, ती न सोडता दुसरी, मग तिसरी; बोटे पिळवटून जातात. पात्र घाबरलेले असले म्हणजे त्याच्या डोक्याभोवती फिरणारे उत्तरांचे शब्द थरथरू लागतात व नीट वाचताच येत नाहीत. आणि येथे चुकीला क्षमा नाही. इतर खेळांत नायक मेला तर मागच्या टप्प्यापासून पुन्हा आरंभ करता येतो. येथे ते माणूस कथेतून जाते व उरलेल्यांना घेऊन कथा पुढे चालू राहते. खुनी कोण, हे येथे सांगण्याचे प्रयोजन नाही.

याच संस्थेने २०१८ साली ‘डेट्रॉइट: बिकम ह्यूमन’ हा दुसरा खेळ प्रसिद्ध केला. त्यात प्रत्येक प्रकरण संपताच खेळणाऱ्याने घेतलेली वाट व न घेतलेल्या वाटा यांचा एक नकाशा समोर येतो. अभ्यासूला तो उपयोगी खरा. पण वाटा मोजता येऊ लागल्या की उत्कंठेची धार बोथट होते. ‘हेवी रेन’मध्ये असा नकाशा नाही. त्या पावसाळी संध्याकाळी ज्याने शॉनला अभ्यासाला बसविले नाही, त्याला आपले काय राहून गेले हे कोणी दाखवीत नाही. मूल निजावयास जाते, आणि फळ्यावरील वेळापत्रक तसेच राहते.