विलीनीकरण की साहचर्य?
(हीरक महोत्सव समारंभातील भाषण)



या आनंदसोहळ्यात एक अवघड प्रश्न मांडण्याची अनुज्ञा असावी. पट रोडावत असताना लहान शाळांनी शेजारच्या मोठ्या शाळेत विलीन व्हावे, की आपले अस्तित्व राखून साधने वाटून घ्यावीत?

प्रश्न जुनाच आहे. डॉ. दौलतसिंग कोठारी अध्यक्ष आणि जे. पी. नाईक सदस्य-सचिव असलेल्या शिक्षण आयोगाने (१९६४-६६) शाळा-संकुलाची कल्पना मांडली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तिचा पुनरुच्चार केला. एक माध्यमिक शाळा आणि पाच ते दहा किलोमीटर परिसरातील खालच्या इयत्तांच्या शाळा यांनी शिक्षक, ग्रंथालय, प्रयोगशाळा, क्रीडांगण सामायिक वापरावे, असे ते सांगते. २०१६-१७ मध्ये देशातील सुमारे २८ टक्के सरकारी प्राथमिक शाळांत तीसपेक्षा कमी मुले होती, ही नोंदही त्यात आहे.

विलीनीकरणाने खर्च वाचतो, प्रत्येक विषयाला शिक्षक मिळतो, हे मान्य. परंतु घरापासूनचे अंतर वाढले की लहानग्यांची, विशेषतः मुलींची, शाळा आधी सुटते. आणि मराठी मुलखाबाहेर, अन्य माध्यमाच्या शाळेत विलीन होताना शाळेबरोबर भाषाही जाते.

म्हणून माझी विनंती एवढीच: शेजारच्या शाळांशी संगीताचे शिक्षक, प्रयोगशाळा, मैदान आपण अवश्य वाटून घेऊ. विश्वस्तांनी तसा करार करावा. पालकांनी आपली मुले येथेच ठेवावीत. प्रयोगशाळा अनेकांची असू शकते. मुळाक्षरे मात्र आपल्याच वर्गात गिरवली जावीत.