जुन्या घराची दुरुस्ती : घरमालकाचा निर्णय
(भाषणाचा मजकूर)



गोव्यातील जुन्या घराची दुरुस्ती काढताना मालक केवळ आवड व खर्च पाहून निर्णय घेतो, असा समज आहे. वस्तुतः त्या निर्णयाचा मोठा भाग घराच्या बांधणीनेच ठरविलेला असतो.

प्रथम छपराचा विचार करू. मंगळूर येथे बासेल मिशनने १८६५ साली कौलांचा कारखाना काढला आणि पुढे ही कौले किनारपट्टीवर सर्वत्र पसरली. वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस झेलणाऱ्या या छपराची मृगापूर्वी शाकारणी करावी लागते. वाशांना व रिपांना वाळवी लागली आहे काय, हेही पाहावे लागते. शाकारणारे कुशल कामगार सहज मिळेनासे झाले, की मालकाचे मन स्लॅबकडे वळते. तथापि कौलांचा भार दर चौरस मीटरला सुमारे ४० किलो, तर दहा सेंटिमीटर जाडीच्या स्लॅबचा सुमारे २५० किलो असतो. मातीत रचलेल्या चिऱ्यांच्या भिंती एवढ्या भारासाठी उभारलेल्या नसतात.

भिंतींचेही तसेच आहे. चिरा सच्छिद्र असतो. जमिनीतून चढलेली ओल चुन्याच्या गिलाव्यातून बाहेर पडते. त्यावर सिमेंटचा गिलावा चढविला, की ओल आत कोंडते, क्षार फुटतात व पापुद्रे सुटतात. मग मालक भिंतीलाच दोष देतो आणि ती पाडावयास निघतो.

कुटुंब वाढले, की राजांगणावर छप्पर घालून खोल्या काढण्याचा मोह होतो. परंतु माजघराला उजेड व वारा तेथूनच मिळत असतो. न्हाणीघर किंवा नवे स्वयंपाकघर मागील पडवीला जोडल्यास ही हानी टळते.

सामाईक मालकी ही आणखी एक अडचण होय. वारस अनेक आणि वास्तव्य एकाचेच, अशा घरात सर्वांच्या संमतीवाचून मोठे काम निघत नाही. गळतीवर ताडपत्री पडते आणि दोन-तीन पावसाळ्यांत आढे कुजते. किरकोळ खर्चाचे काम अशा रीतीने घर सोडण्यापर्यंत जाते.

म्हणून काम काढण्यापूर्वी एक पावसाळा घराचे निरीक्षण करावे. पाणी कोठून येते, ओल कोठवर चढते, याची नोंद ठेवावी, वारसांशी बोलून घ्यावे व जाणत्या गवंड्याचा आणि सुताराचा सल्ला घ्यावा. घर काळानुसार बदलावेच लागते. मात्र त्याचे बळ कशात आहे हे जाणून केलेला बदलच टिकाऊ ठरतो.