तीन अक्षरांचा डबा

आमच्या टेंभुर्णीत भाचा पोलीस भरतीची तयारी करतो. पहाटे उठून १६०० मीटर धावायचे, मग गोळाफेक. एके दिवशी त्याने मला एक डबा दाखवला. म्हणाला, "मामू, हे घेतलं की अंग दुखत नाही आणि स्नायू भरतात." पैसे कुठले, असे विचारल्यावर त्याने मान खाली घातली. आपाने दुभती शेळी विकली होती. त्यातून बूट आले आणि हे डबे.

मी डब्यावरचा मजकूर वाचला. ल्यूसीन, आयसोल्यूसीन, व्हॅलीन. ही झाली तीन अमिनो आम्ले. आपल्या शरीरातली प्रथिने अशा २० आम्लांतून घडतात, अक्षरांतून शब्द घडावेत तशी. त्यांतली ९ शरीराला बनवता येत नाहीत, ती अन्नातूनच यावी लागतात. ल्यूसीन स्नायूंना 'लिहायला घ्या' असा इशारा देते, हे खरे. व्यायामानंतरचे दुखणेही या तिघांमुळे थोडे कमी होते, असे काही प्रयोगांत दिसले आहे. पण उरलेली सहा अक्षरे पोटात गेली नाहीत, तर शरीर जुन्या ओळी खोडून ती मिळवते. म्हणजे आपलेच स्नायू मोडते.

ही सहा कुठे मिळतात? आपाच्या चुलीवर! सकाळच्या खिचडीत तांदळाला लायसीन कमी पडते, ते मसूर देते. मसुराला मेथिओनीन कमी पडते, ते तांदूळ आणि खट्ट्यातले तीळ देतात. भाकरी आणि पिठल्याचेही असेच. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम प्रथिने, तीही नऊच्या नऊ आम्लांसह.

कसून व्यायाम करणाऱ्याला वजनाच्या दर किलोमागे रोज १.४ ते २ ग्रॅम प्रथिने लागतात. दूध, अंडी, डाळ, शेंगदाणे यांतून ती मिळू शकतात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनेही २०२४ च्या आहार मार्गदर्शिकेत शरीर कमावण्यासाठी प्रथिनांच्या पुडी टाळा, असेच सांगितले आहे. आणि रात्रीची पुरेशी झोप तर फुकट मिळते.

मला राहून राहून त्या शेळीचे वाटते. रोज अर्धा लिटर दूध द्यायची, म्हणजे साधारण १७ ग्रॅम प्रथिने. नऊ अक्षरे दारात बांधलेली होती, ती विकून आम्ही तीन अक्षरे घरात आणली.

भाच्याने तो डबा संपवला, नवा आणला नाही. परवा आपाने शेळीची एक पाठ आणली. ती दूध देईल तेव्हा देईल. तोवर खिचडी आहे, अंडी आहेत, आणि पहाटेचे धावणे आहेच.