जिवंत नाग, मातीचा नाग

आम्ही बत्तीस शिराळ्याच्या. गावाचं नाव काढलं की पाहुणे पहिल्यांदा विचारतात, "तुमच्यात नाग पकडतात ना?" पकडायचे. मडक्यातून आणायचे, अंबामातेच्या देवळात न्यायचे, मिरवणूक निघायची. आमच्या आया, आज्या जिवंत नागाला ओवाळायच्या. आम्ही पदराआडून बघायचो. भीती वाटायची आणि हातही जोडले जायचे.

१९७२ चा वन्यजीव कायदा आला, तरी हे बरीच वर्षं चाललं. २०१४ साली मुंबई उच्च न्यायालयाचा निर्णय आला आणि मग जिवंत नाग पंचमीतून गेला. २०२५ ला केंद्र सरकारनं २१ नाग पकडायला परवानगी दिली, पण ती लोकांना नागाची माहिती द्यायला. पूजेला आणि खेळाला नाही.

यावरून आमच्या गटात भांडण झालं. हप्ते गोळा करायचे राहिले बाजूला. एक मावशी म्हणाल्या, "आमच्या देवाला कोर्ट कशाला? बैलांच्या शर्यती सुरू झाल्या की!" मावशींचा राग खोटा नव्हता. शर्यती २०१४ ला सुप्रीम कोर्टानं बंद केल्या होत्या. पुढं राज्यानं कायदा बदलला, अटी घातल्या आणि २०२३ ला कोर्टानं तो मान्य केला. म्हणजे मागणं मागायची वाट सरकारातून, कोर्टातून आहे. रात्री गुपचूप नाग धरून आणायची नाही. शिवाय बैल आपल्या दावणीचा, नाग रानातला. एवढा फरक राहतोच.

घटनेच्या २५ व्या कलमानं धर्म पाळायचा हक्क दिलाय. पण त्याच कलमात सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्याची अट आहे. मनात काय मानायचं, त्यात कुणी हात घालू नये. हातानं काय करायचं, तिथं मात्र दुसऱ्या जिवाचा विचार आला. नाग दूध पीत नाही, हे आता शाळेतली पोरंही सांगतात. मडक्यात कोंडलेल्याला आपली भक्ती काय कळणार?

आणि आपलीच गोष्ट आठवा. गोरखनाथ महाजनांच्या दारात भिक्षेला आले, तेव्हा घरातली बाई नागाची पूजा करत होती म्हणून तिला उशीर झाला. तो नाग कसला होता? मातीचा! जिवंत नाग नाथांनी नंतर केला, असं आपणच सांगतो. मग मातीच्या नागाची पूजा कमी कशी? भावाचा उपवास, त्या दिवशी चिरायचं नाही, तळायचं नाही, हे कुठल्या कोर्टानं बंद केलं?

हे सगळं बोललो, पण आमची स्वतःची चूक सांगायची राहिली. गटातली एक सून पहिल्यापासून म्हणत होती, नाग पकडू नये. तिला काहीजणी 'धर्मबुडवी' म्हणाल्या. दोन बैठका तिच्याशेजारी कोणी बसलं नाही, तिच्या शेळीच्या कर्जाचा अर्ज 'पुढच्या वेळी बघू' म्हणत मागं पडला. चालवणाऱ्या आम्ही गप्प बसलो. उगाच वाद नको म्हणून. श्रद्धेचा हक्क मागणाऱ्या आम्ही, तिला तिचं मत ठेवू देईनात. कर्ज मतावर देत नाहीत, बचतीवर देतात. तिची बचत एक महिनाही चुकलेली नव्हती.

परवाच्या बैठकीत तिचा अर्ज पहिला घेतला. मंजूर झाला. सूचक म्हणून सही मावशींनी केली. नाग पकडायला मिळावेत, हे त्यांचं म्हणणं अजून तसंच आहे.