मागाल तेव्हा आवाज

सुधीर फडके १९५४ साली दादरा-नगरहवेलीच्या मुक्तिसंग्रामात उतरले होते. पुढच्याच वर्षी आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून त्यांच्या संगीताने नटलेले ‘गीतरामायण’ सुरू झाले. आठवड्याला एक नवे गीत, याप्रमाणे छप्पन्न गीते वर्षभर चालली. वेळ ठरवी ती नभोवाणी, आणि ती पाळी श्रोता.

आज ज्या साधनाविषयी मी बोलणार आहे, त्याची रीत याच्या नेमकी उलट आहे. येथे वेळ श्रोता ठरवितो. हवे ते ध्वनिमुद्रण तो मागतो आणि ‘सर्व्हर’ नावाचा संगणक ते त्याला जाळ्यावरून पोचवितो. शिक्षकाच्या हौसेने मी वासोण्याजवळच्या आमच्या शाळेत असा एक सर्व्हर चालवितो. रास्पबेरी पाय नावाचा तळहाताएवढा संगणक, एक स्मृतिपट्टी आणि वायफायचा साधा खोका, एवढाच त्याचा संसार. बाहेरच्या इंटरनेटची त्याला गरज लागत नाही. शाळेच्या आवारात मुलांनी फोन उघडला की झाले.

नभोवाणी ही घंटेसारखी आहे. घंटा एकदा वाजली की दहा माणसे ऐकोत वा दहा हजार, वाजविणाऱ्याचे श्रम तेवढेच. सर्व्हर मात्र पंगतीतला वाढपी आहे. प्रत्येक पानाशी त्याला वेगळे जावे लागते. तो सारे अन्न एकदम ओतीत नाही. थोडे वाढतो आणि पान रिकामे होण्यापूर्वी पुन्हा येतो. श्रोत्याचा फोनही पुढचे काही क्षण पुरेल एवढा आवाज जवळ साठवून ठेवतो. म्हणून जाळे क्षणभर अडखळले तरी गाणे अडखळत नाही. कोणी गाण्याच्या मध्यावर उडी मारली, तर फोन ‘अमुक ठिकाणापासून पुढचे द्या’ असे कळवितो आणि सर्व्हर तेथून वाढू लागतो.

हिशेबही सोपा आहे. बोललेला आवाज सेकंदाला ६४ किलोबिट एवढ्या आकारात दाबून बसविला, तरी कानाला स्वच्छ लागतो. या मापाने एक तासाला सुमारे २९ मेगाबाइट जागा पुरते. शंभर तास तीन गिगाबाइटांच्या आत मावतात. चाळीस मुले एकदम ऐकू लागली तरी प्रवाह सेकंदाला अडीच मेगाबिटांच्या आसपास. तेवढा भार वायफाय पेलतो. मात्र एकाच वेळी पुष्कळ फोन जोडले गेले की स्वस्तातला खोका घायकुतीला येतो. म्हणून आम्ही मुलांचे गट पाडतो.

परंतु यात साठवायचे काय? पुण्याच्या हेमा राइरकर आणि गी प्वातवाँ यांनी आपल्या सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातल्या खेडोपाडी फिरून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांपैकी अनेक ओव्या गाणाऱ्या बायांच्याच आवाजात आज ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया’ या संग्रहात कोणालाही, केव्हाही ऐकता येतात. जाती गेली, पण आवाज राहिला. आमच्याकडे वारली, कोकणा आणि धोडिया घरांतील मुले आहेत. लग्न लावणाऱ्या धवलेरीची गाणी आणि आजीच्या तोंडच्या गोष्टी पुस्तकात सापडत नाहीत. त्या मुलांनीच फोनवर टिपून आणल्या.

आता माझी चूक सांगतो. एका पावसाळ्यात मी नवी ध्वनिमुद्रणे पट्टीवर चढवीत असता वीज गेली. लिहिणे चालू असताना वीज तुटली की अशा पट्ट्या बिघडतात, हे मला ठाऊक होते. तरी मी दुसरी प्रत केली नव्हती. मुलांनी फोनमध्ये जागा व्हावी म्हणून मूळ फाइली पुसून टाकल्या होत्या, त्याही माझ्याच सांगण्यावरून. चौदा ध्वनिमुद्रणे गेली. त्यांपैकी तेरा पुन्हा करता आली. चौदावी ज्या आजीची होती, ती तोवर वारली होती. सुट्टी संपल्यावर तिची नात माझ्यापाशी येऊन म्हणाली, “सर, आजीची गोष्ट लावा ना.” त्या घरी आजीचा फोटो आहे, आवाज नाही.

तेव्हापासून आमचे तीन नियम आहेत. प्रत्येक आवाजाच्या तीन प्रती: एक सर्व्हरवर, एक दुसऱ्या इमारतीतील संगणकात आणि एक त्या कुटुंबाच्या हाती. सर्व्हरला बॅटरीची जोड हवीच. आणि गाणारीला आधी विचारायचे. ‘हे घरच्यांपुरतेच’ असे ती म्हणाली, तर ते परवलीच्या शब्दामागे राहते. इंटरनेटवर जात नाही. आवाज तिचा आहे, आपण केवळ राखणदार.

श्रोतेहो, सर्व्हर तुम्ही चालवा अथवा न चालवा. पण घरात कोणी वडीलधारे माणूस गात असेल, गोष्ट सांगत असेल, तर त्यांना विचारून ती टिपून घ्या, आणि निजण्यापूर्वी तिची दुसरी प्रत करा. हे काम उद्यावर टाकण्याची किंमत मी मोजली आहे. ती तुमच्यावर न येवो.