पोटगीसाठी घटस्फोट लागत नाही

‘घटस्फोट झालेला नाही, मग पोटगी कशी मागू?’ असं माहेरी परतलेल्या बायका हमखास विचारतात. त्यासाठी घटस्फोट लागतच नाही. ऐपत असून नवरा पोसत नसेल आणि बाईला स्वतःचा खर्च भागवता येत नसेल, तर अर्ज करता येतो. पूर्वीचं कलम १२५ आता, १ जुलै २०२४पासून, नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४ झालंय. अर्जासाठी सासरच्या गावी जायला नको. ती राहते त्या जिल्ह्यात तो चालतो. अंतरिम पोटगीचा निर्णय नोटीस पोचल्यापासून शक्यतो ६० दिवसांत व्हावा, असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तारखा पडतात, ते सोडा. पण अर्ज लांबवू नका. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२०च्या निकालानुसार पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरतात. ‘बैठकीत मिटेल’ म्हणून वाट पाहण्यात गेलेले महिने हिशेबात येत नाहीत.