घरगुती मत्स्यपेटीतील परोपजीवी रोग व त्यांवरील उपचार

(पार्से, तालुका पेडणे येथील शोभिवंत मत्स्यपालकांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



श्रीभगवतीच्या देवस्थानामुळे दूरवर परिचित असलेल्या पार्से गावाला मासा नवा नाही. शापोरा नदी, तिच्या काठची खाजने, मानशीच्या तोंडाशी लागणारी जाळी आणि पहिल्या पावसात शेतात शिरणारे चढणीचे मासे, या सर्वांशी येथील माणसांचा संबंध पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे. नवी आहे ती घराच्या ओसरीवरची काचेची पेटी. नदीतील मासा आजारी पडला तर तो दूर जाऊ शकतो, वाहते पाणी त्याच्या अंगावरील पीडा काही अंशी वाहून नेते. पेटीतील माशाला मात्र जावयास जागा नाही. साठ लिटर पाण्यात शिरलेला परोपजीवी आणि त्याचे भक्ष्य या दोघांची गाठ तेथे दिवसरात्र पडत राहते. म्हणूनच निसर्गात माशाला सहज सोसणारा रोग पेटीत आठवडाभरात सर्व मासे संपवू शकतो.

मासा दगडावर अंग घासू लागला, पर मिटून कोपऱ्यात बसला किंवा पृष्ठभागाशी येऊन धापा टाकू लागला, की दुकानातून औषधाची बाटली आणण्याची घाई केली जाते. तथापि हीच लक्षणे पाण्यात अमोनिया वाढल्यानेही दिसतात. पेटी नवी असेल, खाद्य अधिक पडत असेल किंवा गाळणी नुकतीच नळाच्या पाण्याने खळखळून धुतली असेल, तर संशय प्रथम पाण्यावरच घ्यावा. एकतृतीयांश पाणी बदलल्यावर काही तासांत मासे सावरले, तर रोग पाण्याचा होता असे समजण्यास हरकत नाही. चांदेल प्रकल्पाचे नळाचे पाणी वापरताना त्यातील क्लोरीन घालवावे लागते, हे बहुतेकांस ठाऊक असते. विहिरीच्या पाण्याविषयी मात्र एक गोष्ट सहसा ध्यानात घेतली जात नाही. जांभ्या दगडातून झिरपणारे पाणी मृदू आणि किंचित आम्लधर्मी असते. अशा पाण्यात तांबेयुक्त औषधे अधिक विषारी ठरतात. कठीण पाण्याच्या प्रदेशात तयार झालेल्या बाटलीवरील मात्रा पेडण्याच्या विहिरीच्या पाण्यास तशीच लावली, तर रोगाआधी औषधानेच मासा दगावण्याचा संभव असतो.

सर्वांत अधिक आढळणारा रोग म्हणजे पांढऱ्या ठिपक्यांचा. इक्थायोफ्थिरियस मल्टिफिलिस असे लांबलचक नाव असलेला हा एकपेशीय जीव फूके या फ्रेंच संशोधकाने १८७६ साली वर्णिला. माशाच्या अंगावर मिठाचे कण शिंपडावेत तसे ठिपके दिसू लागतात. ते ठिपके त्वचेवर नसून त्वचेच्या वरच्या थराखाली असतात, आणि उपचाराचे सारे गणित या एका गोष्टीवर अवलंबून आहे. तेथे बसलेल्या जिवापर्यंत पाण्यातील औषध पोहोचत नाही. पोट भरल्यावर तो माशाला सोडून तळाशी उतरतो, वाळूवर किंवा वनस्पतीवर स्वतःभोवती कवच निर्माण करतो आणि कवचाच्या आत विभागत जाऊन शेकडो पिल्ले तयार करतो. कवचावरही औषधाचा फारसा परिणाम होत नाही. कवच फुटून ही पिल्ले नव्या माशाच्या शोधात पोहत असतात, तेवढाच काळ औषध त्यांना मारू शकते. सुमारे दोन दिवसांत मासा सापडला नाही तर ती आपोआप मरतात.

हे चक्र पाण्याच्या उष्णतेनुसार वेगाने वा संथपणे फिरते. २५ अंश सेल्सिअसच्या आसपास ते चार ते सहा दिवसांत पूर्ण होते, तर थंड प्रदेशातील पाण्यात त्याला कित्येक आठवडे लागतात. डिसेंबर-जानेवारीत रात्री गारठा पडतो आणि दुपारी ऊन चढते. लहान पेटीतील पाणी अशा वेळी दिवसातून दोनदा पालटते, माशाची प्रतिकारशक्ती खालावते आणि नेमके तेव्हाच ठिपके दिसू लागतात. दोन-तीन दिवसांनी ते नाहीसे झाले की घरात समाधान पसरते व औषध बंद होते. वास्तविक ठिपके नाहीसे होणे म्हणजे परोपजीवी तळाशी उतरणे होय. चार दिवसांनी तो शेकडोंच्या संख्येने परत येतो. पेटीतील माशांचे जे बळी जातात, त्यांपैकी पुष्कळसे या दुसऱ्या फेरीत जातात. यास्तव शेवटचा ठिपका दिसेनासा झाल्यानंतरही उपचार चालू ठेवून एकंदर दहा ते चौदा दिवस पूर्ण करणे अगत्याचे आहे.

उपचारात पहिला मान मिठाला द्यावा लागतो. पार्स्याच्या शेजारचे आगरवाडा हे गाव मिठाच्या आगरांचे, तेव्हा या औषधासाठी लांब जाण्याचे कारण नाही. आगरातील मीठ चिखलमिश्रित असते, म्हणून ते वेगळ्या भांड्यात विरघळवून, निवळवून व फडक्यातून गाळून घ्यावे. आयोडीनयुक्त मिठाने मासे मरतात असा समज प्रचलित आहे. त्या मिठातील आयोडीन इतके अल्प असते की ही भीती अनाठायी म्हणावी लागेल. मात्रा दर लिटरला दोन ते तीन ग्रॅम. साठ सेंटिमीटर लांब, तीस रुंद व तीस उंच अशा पेटीत काठोकाठ ५४ लिटर पाणी मावते. वाळू, दगड आणि वरची मोकळी जागा वजा जाता प्रत्यक्षात सुमारे ४५ लिटर उरते. दोन ग्रॅमच्या हिशेबाने ९० ग्रॅम मीठ झाले. ते एकदम न टाकता तीन भाग करून चोवीस तासांत घालावे. चमच्याने अंदाज करण्याऐवजी वाण्याच्या तराजूवर तोलून आणावे, कारण खडे मीठ आणि बारीक मीठ यांचा चमचा सारखा भरत नाही. शिंगळ्याच्या जातीचे खवलेविरहित मासे व पाणवनस्पती यांना मीठ मानवत नाही. त्यांच्या बाबतीत मात्रा निम्म्याने सुरू करून लक्ष ठेवावे.

मिठाच्या जोडीला पाण्याची उष्णता हळूहळू ३० अंशांपर्यंत नेल्यास चक्र लवकर फिरते आणि परोपजीवीची पिल्ले दुबळी होतात. तथापि पाणी तापले की त्यातील प्राणवायू घटतो. २५ अंशांना लिटरमध्ये सुमारे सव्वाआठ मिलिग्रॅम विरघळणारा प्राणवायू ३० अंशांना साडेसातपर्यंत उतरतो. कल्ल्यांना इजा झालेल्या माशास हा फरकही जाचतो, म्हणून वायुपंप अखंड चालला पाहिजे. गोल्डफिश हा थंड पाण्याचा मासा असल्याने त्याला अशी उष्णता देऊ नये.

मॅलॅकाइट ग्रीन व फॉर्मेलिन यांचे मिश्रण या रोगावर प्रभावी आहे यात शंका नाही. परंतु मॅलॅकाइट ग्रीन अमेरिकेत व युरोपीय संघात खाद्य माशांसाठी वर्ज्य ठरले आहे, आणि फॉर्मेलिनच्या वाफा डोळ्यांना व श्वासनलिकेला घातक असतात. ज्या घरात मुले पेटीत हात घालतात, त्या घरात ही द्रव्ये न आणणेच इष्ट. बाजारात मिळणाऱ्या पुष्कळ बाटल्यांवर आतील द्रव्याचे नावच नसते. नाव नसलेले औषध माणसासाठी कोणी घेणार नाही. माशासाठी मात्र ते निःशंकपणे घेतले जाते, हे नवलच.

डोळ्यांना दिसणाऱ्या परोपजीवींत माशांवरील ऊ, म्हणजे आर्ग्युलस, ही प्रमुख होय. चपटी, पारदर्शक, मसुराएवढी ही ऊ खवल्यांवरून सरकत राहते आणि सोंडेने रक्त शोषते. भारतातील कार्प माशांच्या तळ्यांना तिचा मोठा उपद्रव होतो. घरगुती पेटीत ती येते ती बहुधा तळ्यातील वनस्पतीबरोबर, किंवा मुलांनी हौसेने शेतातून पकडून आणलेल्या चढणीच्या माशांबरोबर. मासा ओल्या फडक्यात धरून चिमट्याने ऊ काढता येते, पण तेवढ्याने भागत नाही. मादी माशाला सोडून काचेवर वा दगडावर ओळीने अंडी घालते, आणि ती फुटण्यास दोन-तीन आठवडे लागतात. तळ्यांत बांबू व फळ्या उभ्या करून त्यांवर अंडी घालू द्यावयाची आणि त्या वेळोवेळी उन्हात वाळवावयाच्या, ही मत्स्यशेतकऱ्यांची युक्ती पेटीतही उपयोगी पडते. दगड व फळ्या बाहेर काढून कडक उन्हात सुकवाव्यात आणि काच खरवडून घ्यावी.

लर्निया ही नांगरकृमी नावाने ओळखली जात असली तरी ती कृमी नसून कवचधारी वर्गातीलच आहे. तिचे डोके माशाच्या मांसात नांगरासारखे रुतते व बाहेर केवळ दोऱ्यासारखे अंग दिसते. ती ओढून काढताना डोके तुटून आत राहू नये एवढी दक्षता घ्यावी. कल्ल्यांवरील सूक्ष्म पर्णकृमींसाठी प्राझिक्वांटेल उपयुक्त ठरते. अंडी घालणाऱ्या जातींवर ते आठवडाभराने पुन्हा द्यावे लागते.

गप्पी माशाच्या गुदद्वारातून तांबडे केसासारखे कृमी डोकावताना दिसतात, ते कॅमॅलॅनस होत. या कृमींचे एक दूरचे नाते जुन्या पिढीला चांगले आठवेल. पायातून बाहेर पडणारा नारू ज्या सायक्लॉप्स नावाच्या पाणपिसवेतून माणसाच्या शरीरात जात असे, तसल्याच पिसवांतून कॅमॅलॅनसही माशात शिरतो. भारतात नारूचा शेवटचा रुग्ण १९९६ मध्ये आढळला व २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने देश नारूमुक्त घोषित केला. पाणी गाळून पिण्याच्या साध्या सवयीचा त्या यशात मोठा वाटा होता. माशांना डबक्यातील जिवंत खाद्य घालणाऱ्यांनी तीच सवय उलट बाजूने लावून घ्यावी. गटारातील ट्युबिफेक्स व डबक्यातील पिसवा यांपेक्षा घरी पैदा केलेले आर्टेमिया किंवा गोठविलेले खाद्य अधिक सुरक्षित होय.

माशांनाही आपल्या परीने उपचार अवगत असतात. खाडीतील कळुंदर सर्वांच्या परिचयाचा आहे. त्याचाच लहानगा नारिंगी भाईबंद कळुंदराच्या परांवरील अनिष्ट वाढ टिपून खातो, असे निरीक्षण वायमन व वॉर्ड यांनी १९७२ साली प्रसिद्ध केले. मात्र हा उपचार मोकळ्या खाडीतला आहे. दोन फुटी पेटीत अशा मदतनिसावर विसंबून राहता येणार नाही.

रोग आत येऊ न देणे हे त्यामानाने अल्पखर्चाचे आहे. म्हापशाहून प्लास्टिकच्या पिशवीतून आणलेला मासा थेट पेटीत सोडू नये आणि पिशवीतील पाणी तर मुळीच ओतू नये. वीस लिटरची बादली, एक लहान वायुपंप आणि वेगळे जाळे एवढ्या साहित्यावर नवा मासा तीन ते चार आठवडे निराळा ठेवता येतो. निरोगी दिसणारा मासाही या काळात आपला रोग उघड करतो. निदानाविषयी शंका उरल्यास शाळेतील किंवा महाविद्यालयातील सूक्ष्मदर्शक पुरेसा आहे. माशाच्या अंगावरील चिकट द्रव काचपट्टीवर घेऊन पाहिल्यास पांढऱ्या ठिपक्यांचा जीव संथपणे गोल फिरताना आणि त्याच्या पोटातील घोड्याच्या नालासारखे केंद्रक स्पष्ट दिसते. असे दृश्य विद्यार्थ्यांना एकदा दाखविले तर पाठ्यपुस्तकातील एकपेशीय जीव त्यांच्या सहज ध्यानात राहील.

उपचार फसले, तर मेलेला मासा व पेटीतील पाणी यांचे काय करावयाचे, हा प्रश्न उरतो. १९८८ साली ईशान्य भारतात शिरलेल्या व्रणरोगाने नंतर देशातील किती नद्या आणि तळी व्यापली, हे मत्स्यव्यावसायिक विसरलेले नाहीत. माशांची ने-आण हे अशा प्रसाराचे एक मोठे कारण असते. खाजनातील मासळीवर ज्या घरांची चूल चालते, त्यांच्या पाण्यात कोणाच्या हौसेच्या पेटीतील रोग जाता कामा नये. मेलेला मासा चुना टाकून जमिनीत खोल पुरावा. पेटीतील पाणी ओहोळात, शेतात वा नदीत न सोडता माडाच्या आळ्यात ओतावे. त्यात मीठ घातलेले असले तर तेही माडाला सोसते. जिवंत पण नकोसा झालेला मासा शापोऱ्यात सोडून देणे ही दया नव्हे. तो दुकानदाराकडे परत करावा किंवा दुसऱ्या मत्स्यपालकास द्यावा. रिकामी पेटी, जाळे आणि दगड कडक उन्हात पूर्ण वाळू द्यावेत. आठवडाभर पेटीत मासा नसला तर पांढऱ्या ठिपक्यांचा जीव तेथे तग धरीत नाही. उवेची अंडी मात्र अधिक चिवट असतात, म्हणून त्या पेटीत पुन्हा पाणी भरण्यापूर्वी काचेचे कोपरे बोटाने चाचपून पाहावेत.